जगदंबेचे अस्तर

गाठोडे सोडले तेव्हा आत फक्त मेथीचे दाणे निघाले. लाडक्याने फडके झटकले, उलटे केले, पुन्हा झटकले. कागद नव्हते.

सूर्यमाळच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे चढवून देवांची सोंगे नाचवायच्या उत्सवात, जगदंबेचा मुखवटा लाडक्याच्या घरचा असे. पणज्याने, आज्याने, बापाने देवीच्या चेहऱ्याची रेघ कागदावर काढून ठेवली होती. जव्हारच्या दरबारातून टाकून दिलेले कागद, एका बाजूने कोरे. कसर लागू नये म्हणून लाडक्याची बायको, हौशी, त्यांत मेथी घाली.

बोहाडा आठ दिवसांवर होता, मुखवटा रंगवायचा होता. पण रेघेसाठी लाडक्याला कागद लागत नव्हते. ती हातात बसली होती. त्याला तळाचा कागद हवा होता. लग्नाच्या वर्षी हौशीने त्यावर तांदळाच्या पिठाचा पंजा उमटवला होता. बाप हसून म्हणाला होता, "ही कोणती गं नवी देवी?"

हौशीला जाऊन सहा महिने झाले होते. लुगडी तिच्याबरोबर गेली. तिचे म्हणावे असे तेवढेच उरले होते.

"हिरी, कागद कुठं हायेत?"

मुलगी चुलीपुढून उठली नाही. "आयनं भिजवले."

"भिजवले?"

"तू तापात होतास तेव्हा. जुन्या मुखवट्याला वाळवी लागली. लढाईमुळं बाजारात रद्दी मिळंना. आय म्हणली, मुखवटा नाय झाला तर मान दुसऱ्या पाड्याला जाईल, मग कागद काय चाटायचेत? कुटले, डिंक घातला, साच्यात तिनंच दाबले. तुला सांगू नको म्हणली. तू उठलास नि ती पडली."

"तिचा पंजापण?"

"तोच पयला टाकला. म्हणली, माझा आधी."

लाडक्याने भिंतीवरच्या कोऱ्या मुखवट्याकडे पाहिले. हौशीने कुठूनतरी रद्दी मिळवली असेल, असे त्याला वाटले होते. दोन दिवस मुखवटा भिंतीवरच राहिला. तिसऱ्या दिवशी तो रंग कालवायला बसला.

रंग वाळल्यावर मंगळू आला. दरवर्षी देवी तोच नाचवी. त्याने मुखवटा तोंडावर धरला आणि लगेच काढला.

"झ्याक झाली रं लाडक्या. पण आतून टोचते. माझं थोबाड सोलायचंय का? घासून काढ नि अस्तर लाव."

तो गेल्यावर लाडक्याने मुखवटा मांडीवर पालथा केला. आतून त्याने तो अजून पाहिला नव्हता.

लगद्यात बोटे उमटली होती. गालात चार, कपाळात अंगठा, हनुवटीत पुन्हा चार. लहान बोटे. त्याने आपली त्यांत ठेवून पाहिली. बसली नाहीत.

अस्तर चिकटवायला खळ शिजवून ठेवली आहे. कापड फाडून ठेवले आहे. बोहाडा उद्या आहे आणि अस्तर अजून लावलेले नाही.