वायरीचं दुसरं टोक

हेलिकॉप्टर गवतावरून उठलं तसा मेहुणा हसला. "खुडूक कोंबडी उठावी तसं उठलं की हो, जावईबापू."

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अर्ध्या शहराला मोटार चालवायला शिकवलेला माणूस साठी उलटल्यावर दर रविवारी मैदानात जाऊन रिमोटवरचं खेळणं उडवतो, यावर मेहुण्याने पाहुणचार घेता घेता भरपूर तोंडसुख घेतलं होतं. शेवटी काल जेवताना मास्तर बोलून गेले, की आता आपला हात बसलाय, बघायलाच या.

हात कसला बसलाय. शेपटी आपल्याकडे असली की मास्तर हेलिकॉप्टर कसंबसं जागेवर धरत. नाक आपल्याकडे वळलं की मात्र डावं उजवं व्हायचं, उजवं डावं, आणि मास्तरांची भंबेरी उडायची. म्हणूनच त्यांच्या रिमोटला वायर होती आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरीणबाईंचा रिमोट. बाई आठवडाभर ऑपरेशनच्या खोलीत लोकांना भूल द्यायच्या आणि रविवारी इथे शिकवायच्या. वयाने मास्तरांच्या लेकीएवढ्या, बोलणं मोजकं. त्यांनी एक कळ दाबून धरली की हेलिकॉप्टर मास्तरांचं, सोडली की बाईंचं.

"शेपटी इकडेच ठेवा," बाई हळूच म्हणाल्या.

पण मेहुणा बघत होता. मास्तरांनी हेलिकॉप्टर वर नेलं आणि गर्रकन वळवलं.

नाक समोर आलं. वाऱ्याची झुळूक आली आणि हेलिकॉप्टर बाकाच्या दिशेने सरकू लागलं. बाकावर मास्तरांची बायको बसली होती. मास्तरांनी रिमोटची दांडी डावीकडे लोटली, ते आणखीच तिच्याकडे गेलं. उजवीकडे लोटावी का, हे त्यांना सुचेना. तापलेल्या तव्याला बोटं लागावीत तसे त्यांनी दोन्ही अंगठे दांड्यांवरून उचलले.

आणि हेलिकॉप्टर हवेतच थांबलं.

काय झालं ते मास्तरांना लगेच कळलं. बाईंनी कळ सोडली होती. शिकाऊ गाडीत त्यांच्याही पायाशी एक वेगळा ब्रेक होता. तो दाबायची वेळ आली की ते रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, मी दाबला म्हणून वाचलात. बाई काहीच म्हणाल्या नाहीत. वर बघत त्यांनी हेलिकॉप्टर बाकापासून लांब नेलं, मैदानावरून एक मोठी फेरी मारली, नाक समोर ठेवून ते डोळ्यांच्या उंचीवर तरंगत धरलं आणि अलगद गवतावर टेकवलं.

"मानलं, जावईबापू!" मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. बाकावरून बायकोनेही वाजवल्या.

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मास्तरांनी तोंड उघडलंही. "सवयीने जमतं," ते म्हणाले.

"मग ही वायर कशाला? आणि या बाई?"

"ते आपलं नियमापुरतं. त्या नुसत्या उभ्या असतात."

शब्द बाहेर पडले आणि मास्तरांच्या कानशिलांना चटका बसला. बाई वायर गुंडाळत होत्या. त्यांचा हात जरासा थांबला, मग पुन्हा गुंडाळू लागला.

मेहुणा आता भलताच रंगात आला होता. वायर काढा, एकट्याने एकदा उडवा, मी फोनवर व्हिडिओ घेतो आणि घरी सगळ्यांना दाखवतो, असा त्याने धोशाच लावला. मास्तरांना नको म्हणायला कारण सुचेना आणि हो म्हणायची छाती होईना. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"बॅटरी संपली," बाई म्हणाल्या. "आणि दुसरी नाहीये."

मास्तरांनी आदल्या दिवशी भरून आणलेल्या दोन बॅटऱ्या पायाशी उघड्या पेटीत पडल्या होत्या. बाईंनी पायानेच पेटीचं झाकण लोटलं.

"चला, ऊन झालं," बायको उठली.

मेहुणा फोनवर कुणाला तरी जावईबापूंची करामत रंगवून सांगत गाडीकडे निघाला. मास्तर बायकोबरोबर मागे रेंगाळले. बरंच चालल्यावर म्हणाले, "ते मी उडवलं नव्हतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"दादा वर बघत होता. ते माझ्या अंगावर येत होतं ना, तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. तुमच्या अंगठ्यांकडे."

मास्तर चालायचे थांबले. आपण अंगठे उचलले तेव्हा ही तिथेच बसून होती, आणि नंतर तिनेच टाळ्या वाजवल्या. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

बायकोने त्यांच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. "दादाला मी बसवते गाडीत. तुम्ही जाऊन या."

कुठे, हे तिने सांगितलं नाही आणि मास्तरांनीही विचारलं नाही. ते मागे फिरले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका खणखणीत आवाजात सांगितलेल्या माणसाला वाटेत एक साधं वाक्य जुळवता येईना. जुळवलं की ते खोटं वाटायचं, मोडलं की काहीच उरायचं नाही.

बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, पेटीची कडी लावत. पावलं वाजली तशा वळल्या.

"काही राहिलं का, मास्तर?"

"हो," मास्तर म्हणाले. "तुम्ही नुसत्या उभ्या नव्हतात."