डावं चाक

पोलीस ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत सुदर्शन मिस्त्री गाडीच्या उजव्या पुढच्या चाकाचे नट सोडवत होता. शेवटच्या नटाला त्याला जास्त वेळ लागला. नट घट्ट नव्हता.

"उरक की," जमादार म्हणाला. पंचनाम्याचा कागद त्यानं मांडीवरच्या पुठ्ठ्याला लावला होता. "ब्रेक तूच बदललेस. मग पुलाच्या कठड्याला गाडी कशी धडकली, तेबी तूच सांग. मला एका ओळीत पाहिजे."

गाडी गावातल्या संगमेशची. छोटी, वीस वर्षांची. तिची डावी बाजू दारापर्यंत आत गेली होती. संगमेश ती हैदराबादकडच्या रेसट्रॅकवर पळवणार होता. तिथं दोन-तीन फेऱ्यांत जुने ब्रेक तापतात आणि धरायचं सोडतात. म्हणून सुदर्शननं पुढच्या दोन्ही चाकांना मोठ्या, खाचा पाडलेल्या डिस्क आणि जास्त उष्णता सोसणारे पॅड बसवले होते. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा जोरात ब्रेक मारावे लागतात. गुरुवारी सकाळी संगमेश त्यासाठीच शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला गेला. पहिल्याच जोराच्या ब्रेकला गाडी डावीकडं फिरली. संगमेश जागीच गेला.

ट्रॅकवर जायचा दिवस रविवार होता. आज रविवार.

जमादारानं मोबाइल पुढं केला. "हा फोटो बघ. रस्त्यावर टायरचा काळा पट्टा एकच कसा? आमच्या जीपला ढकलून चालू करावं लागतं, तरी तिचे दोन उमटतात."

"डाव्या चाकानं धरलं. उजव्यानं न्हाई धरलं."

"का?"

"तेच बघायलोय."

तीन दिवस सुदर्शन तेच आठवत होता. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट त्यानं मोजून आवळले होते. आवळल्यावर प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं खूण केली होती. दोन्ही डिस्क स्पिरिटनं पुसल्या होत्या. पुसल्या होत्या ना? गावात आता त्याच्याकडं कुणी गाडी आणत नव्हतं.

चाक निघालं. बोल्टवरच्या खुणा जागच्या जागी होत्या. ब्रेकचा पाइप कोरडा होता, कुठंही गळती नव्हती. त्यानं पॅड बाहेर काढले. ते काळे, तुळतुळीत, तेल प्यायलेले. मग त्यानं डिस्ककडं पाहिलं. खाचांमध्ये लाल लगदा साचला होता. नखानं थोडा काढून त्यानं वास घेतला.

करडीचं तेल. आणि कुंकू.

तो उकिडवा तसाच बसून राहिला. तीन दिवसांनी त्याचा श्वास पहिल्यांदा पूर्ण बाहेर पडला. चूक त्याची नव्हती.

"सापडलं का?" जमादारानं विचारलं.

सुदर्शन बोलणार, तेवढ्यात फाटकातून मल्लम्मा आली. संगमेशची आई. पोराच्या वस्तू न्यायला तिला बोलावलं होतं. जमादार उठला, त्यानं बूट आणि हेल्मेट तिच्यापुढं ठेवलं. बूट पिशवीत गेले. हेल्मेट मावेना. ते तिनं कडेवर घेतलं आणि उघड्या चाकापाशी येऊन उभी राहिली.

"सुदर्शन, गाडी घरी आली त्या रात्री ह्या नव्या ताटल्यांची मी पूजा केलती रे."

"अव्वा, तुम्ही बसा आधी."

"कोऱ्या लोखंडावर कुंकू टिकत न्हाई. म्हणून आधी तेलाचं बोट फिरवलं, चांगलं गोल. मग कुंकू लावलं. शिलाई मशीन आणली तवाबी असंच केलतं. अजून चालतीय ती." तिनं चाकाकडं बोट केलं. "हे चाक गल्लीच्या अंगाला व्हतं. चाकाच्या जाळीतून हात घातला, झालं. डावं चाक मातर भिंतीला लागून व्हतं. लई वाकले, हात पोचला न्हाई. म्हटलं, परत आल्यावर करू."

जमादाराचा पेन थांबला. त्यानं खाचांमधल्या लाल रेषा पाहिल्या. मग सुदर्शनकडं पाहिलं.

"तेवढंच एक राहिलं," मल्लम्मा म्हणाली. "त्याच्यानंच झालं का रे?"

सुदर्शननं खांद्यावरचं फडकं काढलं. डिस्क पुसली. एकेक खाच, नखावर फडकं धरून, शेवटपर्यंत पुसली.

"न्हाई अव्वा. पूजेचं काही न्हाई त्यात. माझ्या हाताला ग्रीस व्हतं. तसाच हात उजव्या डिस्कला लागला. पुसायचं राहून गेलं माझ्याकडून." तो जमादाराकडं वळला. "लिहा, साहेब."

"मिस्त्री, ह्याला कलम लागतं. आत जाशील."

"लिहा."

जमादार काही वेळ त्या फडक्याकडं बघत राहिला. मग त्यानं लिहिलं. एक ओळ.

मल्लम्मानं सुदर्शनकडं पाहिलं. "दादा म्हणत व्हता तो तुला," एवढंच ती म्हणाली.

ती गाडीला वळसा घालून पलीकडं गेली. डावं चाक चेपलेल्या पत्र्यात तिरकं अडकलं होतं. जाळीतून नवी डिस्क दिसत होती, कोरी, स्वच्छ. मल्लम्मानं हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि खाली बसली. कपाळावरचं कुंकू तिनं बोटावर घेतलं.

इथं भिंत नव्हती. हात सहज पोचला.