मधले बोंड

टॅबच्या पडद्यावर बाकाच्या फळीतून पऱ्हाटीचे रोप उगवले, हातभर वाढले, फुलले; आणि पाहता पाहता त्याच पाकळ्या फुगून त्यांचा पांढराशुभ्र कापूस झाला. तेल्हाऱ्याजवळच्या त्या शाळेतल्या चौथीच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागे बसलेले केंद्रप्रमुख रामरावही खूश दिसले. पाठ निर्दोष झाल्याचा शेरा त्यांनी दिला, तरच पाचही टॅब या शाळेत राहणार होते.

"मॅडम," प्रणालीने विचारले, "बोंड कुठी गेलं?"

टाळ्या थांबल्या. रश्मी मॅडमनी रोप पुन्हा पहिल्यापासून वाढवले. पाठाची तयारी करताना त्यांनी ते निदान दहा वेळा पाहिले होते. वनस्पतिशास्त्राची पदवी पदरी असून बोंड नसल्याचे त्यांच्या एकदाही ध्यानात आले नव्हते.

रामरावांनी जवळ येऊन हळूच बजावले की, ही शंका शेऱ्यात आली तर टॅब दुसऱ्या शाळेत जातील. पोरीची समजूत उद्याही घालता येईल. मॅडमनी फळ्यावर दोन विधाने लिहिली: टॅबचे, 'फुलाचा थेट कापूस होतो', आणि प्रणालीचे, 'फुलाचे आधी बोंड होते'. दोन्हींपुढे सारखेच प्रश्नचिन्ह काढले.

प्रणालीचा चेहरा उतरला. "मी का खोटं बोलून राहिली, मॅडम?"

"नाही. पण तपासल्याशिवाय खरंही धरणार नाही. टॅबचं नाही, तुझंही नाही."

शाळेच्या कुंपणालगत प्रणालीच्या मामाचे वावर होते. सारा वर्ग तिथे गेला. प्रणालीने वेणीची रिबीन दातांनी फाडली, त्याच सकाळी उमललेल्या एका फुलाच्या देठाशी तिची चिंधी बांधली आणि वहीत तारीख टाकली. रोज एकाने येऊन पाहायचे, आणि दिसेल तेवढेच लिहायचे, असे ठरले.

रामराव घड्याळ पाहत होते. पलीकडच्या फांदीला हिरवी बोंडे लगडली होती. त्यांतल्या एकाला बोट लावून ते मोठ्या मनाने म्हणाले, "हे काय, बोंड तर समोरच हाये. पोरी, तुहंच खरं. मले पटलं. चला आता."

प्रणाली फुलाजवळून हलली नाही.

"आत्ताच कावून पटलं, साहेब? हे फूल तर अजून फूलच हाये."