मोटारीचा बिल्ला

काळी मोटार पांढरी झाली होती. तिच्या तोंडावरचा पितळी बिल्ला तेवढा परत बसवायचा राहिला होता. रंग देण्याआधी आत्मारामने स्क्रू सोडवून तो काढला होता आणि फडक्यात गुंडाळून ठेवला होता. सकाळपासून ते फडकं तो नुसता या हातातून त्या हातात करत होता.

रत्नागिरीत मोटारीच मूठभर, तिथे मोटारींचा रंगारी कुठून असायचा? म्हणून मिऱ्याच्या किनाऱ्यावर होड्या रंगवणाऱ्या आत्मारामलाच मोटारीचे मालक असलेल्या वकिलांच्या भावाने बोलावलं होतं. भाट्याची खाडी ओलांडताना ही मोटार तरीवरून, म्हणजे मोटारी पार नेणाऱ्या तराफ्यावरून, घसरून पाण्यात गेली. ओहोटीला मोटार वर काढली. आत बसलेले वकील मात्र सापडलेच नाहीत. तेव्हापासून घरातली मुलं तिच्या सावलीलाही उभी राहीनात, म्हणून हा रंग.

वकिलांची बायको आनंदीबाई ओसरीवर आल्या. कपाळावर कुंकू तसंच होतं. त्यावरून घरात रोज धुसफूस चाले, पण त्या कुणाला बधत नव्हत्या.

"बिल्ला राहिला की रे."

"तो नको लावूया, बाईसाहेब."

"का?"

आत्माराम खाली बघत म्हणाला, "आमच्यात होडीवरनं मानूस गेला की होडीचा रंग पालटतात. नाव बुजवतात. म्हंजे तो ती वळखत नाय. परत चढाया येत नाय."

आनंदीबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी फडकं मागून घेतलं आणि बिल्ला बाहेर काढून त्याच्यासमोर धरला. एका कोपऱ्यावर पितळ झिजून गुळगुळीत झालं होतं.

"कोर्टात जाताना रोज इथे अंगठा फिरवायचे. अंधारातही ओळखतील. लाव."

"आनि आले तर?"

"यावेत म्हणूनच सांगत्ये."

त्यांनी बिल्ला पुढे केला. तरी आत्माराम हलेना, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "तुझं कोण गेलं रे?"

"रघू. पोरगा माजा."

"आणि तू नाव बुजवलंस?"

त्याला खूप लाज वाटली. त्याने बिल्ला त्यांच्या हातून घेऊन जागेवर धरला आणि पेचकस फिरवू लागला. नव्या रंगाला त्याने ओरखडा येऊ दिला नाही.

संध्याकाळी तो घरी न जाता थेट किनाऱ्यावर गेला. होडी वाळूत ओढून ठेवलेली होती. रात्री भरतीचं पाणी तिच्या कडेला लागलं की घरात पडल्या पडल्या त्याला वाटे, कुणीतरी हाताने फळ्या चाचपतंय. तो कानांवर गोधडी ओढून घेई. त्याची बायको राही मात्र उठून दाराशी जाऊन बसे.

होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, रघूने स्वतः आईचं नाव कोरलं होतं. आत्मारामने त्यात भेगा बुजवायची लांबी भरून वर हिरवा रंग चढवला होता. आता तो पेचकसाने रंग खरवडू लागला. लांबीचे तुकडे पायांवर पडत गेले. पहिलं अक्षर मोकळं झालं.

मागे वाळू वाजली. राही येऊन उभी होती. अंबाड्यातला आकडा काढून ती खाली बसली आणि दुसऱ्या अक्षरातली लांबी उकरू लागली.

"जरा भराभर हात उचला," ती म्हणाली. "भरती येयाच्या आत नाव उघडं व्हाया हवं."