ओढ्यावरचा वीर

हौसाबाई ज्या दगडावर जन्मभर धुणं धूत आल्या, तो विद्यापीठाच्या लोकांनी उलटवला, तर खालच्या अंगाला तलवार घेतलेला वीर कोरलेला निघाला.

“लुटारूंच्या हातून गावची गुरं सोडवताना हा लढून पडला. आता विद्यापीठात ठेवू, म्हणजे सगळे बघतील,” इतिहासाच्या नाईकनवरे मॅडम म्हणाल्या.

दगड न्यायला टेम्पो आला, तशा हौसाबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. “सगळे म्हंजी कोण? आमच्या पोरांनी तुमचं विद्यापीठ कधी बघितलंय? गावासाठी मेला तो, गावातच ऱ्हाईल.”

मॅडमनी टेम्पो रिकामाच परत धाडला.

दगड देवळापुढे उभा राहिला. पुढच्या सोमवारी विद्यापीठाचा वर्ग तिथंच भरला. गावातली पोरं पहिल्या रांगेत बसवून हौसाबाई मॅडमना म्हणाल्या, “आता सांगा.”