दोन घासांच्या मध्ये

हे बस चालवतात. दोन फेऱ्यांच्या मधे डबा उरकायची सवय अशी अंगात मुरलेली, की घरीसुद्धा मागून कुणी हॉर्न देतंय अशा घाईने जेवायचे. मी ताट घेऊन बसेपर्यंत हे हात धुऊन मोकळे. वर्षानुवर्षं मी समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या सोबतीने जेवले.

ह्यांचं वजन वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पोट भरल्याचं मेंदूला जरा उशिराच कळतं हो. तोवर तुम्ही दुप्पट खाऊन उठता. एक घास घेतला की चमचा खाली ठेवा, थोडं थांबा, मग पुढचा."

ह्यांना नुसतं थांबवेना, म्हणून बोलायला लागले. पहिल्या दिवशी विचारलं, "भाजी तू केलीस?"

"नाही, शेजारीण येऊन करून गेली!"

मग हळूहळू गाडीने वेग घेतला. परवा तर म्हणाले, "नवं लग्न झालेलं ना, तेव्हा आपल्या गल्लीच्या तोंडाशी मी उगाच हॉर्न वाजवायचो. तू खिडकीत यावीस म्हणून."

आणि मी त्या ड्रायव्हरला रोज शिव्या घालायचे!

महिन्याने डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघून मान हलवली. गप्पांच्या नादात हे दोनदा वाढून घेतात, ते काही मी सांगितलं नाही.

"सोडा हा उपाय. भूक कमी व्हायची गोळीच लिहून देतो."

ह्यांचा चेहरा पडला. मी घाईघाईने म्हटलं,


"गोळी नको हो डॉक्टर, दोन घासांमधलं अंतरच आणखी थोडं वाढवून द्या ना!"