कोपऱ्यातली खुर्ची

आमच्या प्रयोगशाळेतल्या लिनक्स कॉम्प्युटरांवर पेनड्राइव्ह कोणी उघडायचा, याचा नियम मी लिहिलाय. नाव यादीत हवं आणि माणूस स्वतः त्या कॉम्प्युटरसमोर बसलेला हवा. दुरून कोणी कितीही आटापिटा करो, माझा नियम दाद देत नाही. सहा वर्षांत तो एकदाही चुकलेला नाही.

आज दुपारी माझ्या पडद्यावर नोंद उमटली: कोपऱ्यातला कॉम्प्युटर, परवानगी दिली. पुढे माझंच नाव.

मी दाराजवळ माझ्या टेबलाशी होते. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती.

"मॅडम, चुकला की शेवटी तुमचा नियम!" माझ्या मागून पडद्यावरची नोंद वाचत आमचा स्टोअरकीपर हसला.

"माझा नियम चुकत नाही," मी ताठ मानेने म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची मागे सरकली, मी उठताना सरकवते तशीच, जरा डावीकडे तिरकी.